काय दिवे लावलेत!

गाडीला पुढे दोन दिवे असतात आणि मागे दोन, हे चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं. आमचे घरमालक कोर्टात नाझर होते, इंग्रजीत सही करायचे, आणि त्यांना ते कधी पटलं नाही.

सुरतेत नानपुऱ्यात त्यांचं दुमजली घर होतं. मागच्या अंगणातल्या खोलीत आम्ही भाड्याने राहायचो. माझं माहेर आणि सासर दोन्ही अमळनेरकडचं. आमचे हे लूमच्या खात्यात कारागीर होते. सुरतेत मागांच्या कारखान्याला खातंच म्हणतात. लग्नानंतर मी तापी लाइनच्या गाडीने सुरतेला आले, अंगणात ट्रंक टेकवली, आणि पहिली गोष्ट पाहिली ती घरमालकांची मोटार. काळी, बुटकी, जुनी विलायती, कोणा पारशाकडून घेतलेली. तिच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आले होते आणि पायांत कोर्टात घालायचे बूट होते. ते पायच बोलले.

"कोण, नवी वहू आली? उभी राहा, उभी राहा. तुला एक गंमत दाखवतो."

आणि गाडीच्या कपाळावर पिवळा दिवा लागला. भर दुपारी.

मी पदर पुढे ओढला. ती पहिली लाज. पुढे सवय झाली असं मी म्हणणार नाही. गरिबीची सवय होते, उन्हाची होते, लाजेची होत नाही.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका सुरतेतच जन्मलेले, त्यांचे वडीलही तिथलेच. घरात बोलायचे मराठी, पण ती मराठी गुजरातीच्या भांड्यात ठेवलेली. तिला त्या भांड्याचा वास लागला होता. "बस ने", "चालेल ने", "जो, मी सांगतो ने". काकू वाईच्या. त्यांची मराठी स्वच्छ, घासलेली. नवराबायको एका घरात दोन मराठ्या बोलायचे आणि त्यातली काकूंची फारच थोडी खर्च व्हायची. दिवसभरात त्या काकांशी जेवढं बोलायच्या तेवढं मी आमच्या ह्यांच्याशी चूल पेटेपर्यंत बोलून घ्यायची.

मला काकांनी नावाने कधी हाक मारली नाही. "ए खानदेश, इकडे ये ने!" अशी हाक यायची. मी हातातलं टाकून जायची. घरमालकाला नाही म्हणता येत नाही.

रविवार उजाडला की काका कोर्टाचा कोट खुंटीला लावायचे आणि बनियनवर गाडीला भिडायचे. धुक्यातले पिवळे दिवे त्यांनी लावले, पण सुरतेत धुकं असतंच कुठे! ड्रायव्हरच्या बाजूला एक मोठा दिवा बसवला, आतल्या मुठीने तो गोल फिरायचा. तो बहुधा शिकाऱ्यांच्या जीपला असतो. काकांनी आयुष्यात उंदीरसुद्धा मारला नव्हता. त्या दिव्याने ते दुकानांच्या पाट्या वाचायचे. मडगार्डवर सायकलीची लाल भिंगं ओळीने. नंबराच्या पाटीवर दिवा. डिकीत दिवा. पुढच्या फळीखाली हिरवा बल्ब. काचेजवळ पितळी गणपती होता, त्याच्या मागे दोन तांबडे बल्ब लावून तार ब्रेकला जोडली होती. ब्रेक मारला की गणपती लालबुंद व्हायचा. गर्दीत देव सारखा संतापलेला असायचा.

या सगळ्यांची बटणं म्हणजे घरातल्या भिंतीवरची, काळी, गोल, खटकन वाजणारी. ती एका लाकडी पाटीवर ठोकून ती पाटी काकांनी पुढच्या सीटसमोर बसवली होती. बॅटरीला एवढे दिवे पेलायचे नाहीत. हॉर्न वाजवला की पुढचे दिवे मंद व्हायचे. मोठा दिवा लावला की हॉर्न बोकडासारखा ओरडायचा. म्हणून गाडी चालवताना शेजारी बटणं सांभाळायला माणूस लागायचं. काकूंनी पहिल्याच दिवशी हात जोडले होते. त्यांची मुलगी कुसुम कॉलेजात होती, ती तर गाडी दिसली की गल्ली बदलायची. उरली भाडेकरीण.

"खानदेश, पिवळे बंद! हॉर्न मारायचा आहे."

मी बंद करायची.

"आता मोठा लाव! खड्डा दिसू दे."

मी लावायची. परक्या पुरुषाशेजारी पुढे बसून, हिरवा उजेड तोंडावर घेऊन मी भागळच्या बाजारातून जायची. आमच्या ह्यांच्या खात्यातले सगळे आपल्याकडचेच. एकाने मला पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ह्यांना विचारलं, "तुनी बायको नाटकमा काम करस का रे?" हे घरी येऊन जेवले नाहीत. मी म्हटलं, "खोली सोडायची का?" नानपुऱ्यात तशी खोली मिळणार नव्हती. मग जेवले.

आता ते वाक्य कसं आलं ते सांगते, कारण सगळं त्या वाक्यावरच आहे.

मी येण्याआधीची गोष्ट. काकांनी पहिलाच जादा दिवा लावला आणि काकूंना हाताला धरून अंगणात आणलं. काकूंनी दिवा पाहिला, काकांचे काळे हात पाहिले, नव्या बनियनवरचं ग्रीस पाहिलं, आणि म्हणाल्या, "वा! काय दिवे लावलेत!"

तुम्हाआम्हाला कळलं. काकांना नाही कळलं. ते गुजराती शाळेत शिकलेले. त्यांनी दिवे लावले होते, बायको म्हणत होती काय दिवे लावलेत. त्यांना ते सरळ कौतुक वाटलं. त्यांचा चेहरा असा काही फुलला म्हणे, की काकूंना हसू आवरेना. त्या पायरीवर बसून हसल्या. काकांना वाटलं, ही खूश झाली. बायको वाईहून आल्यापासून प्रथमच खूश झाली. मग दुसरा दिवा आला, तिसरा आला. प्रत्येक वेळी काका हाक मारायचे, "ऐकलंस का, बाहेर ये ने!" काकू पदराला हात पुसत यायच्या, बघायच्या, आणि म्हणायच्या, "काय दिवे लावलेत!" म्हणायच्या आणि आत जायच्या. माझ्यासमोर कितीदा झालं हे. मी धुण्याच्या दगडावर बसून खाली मान घालून हसायची.

आणखी एक सांगायला हवं. सुरतेत प्रेमाने बोलायचं तर शिवी लागते. दोन मित्र भेटले की आधी आईबहिणीची चौकशी शिव्यांतून होते, मग तब्येतीची. काकांच्या तोंडी शिवी नसे, पण कान तिथलेच. कोणी आवाज चढवून काही म्हटलं की त्यांना माया वाटायची.

चांदणी पडव्याला हे नीट कळलं. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सगळं सुरत घारी, म्हणजे तिथली तुपात बुडवलेली मिठाई, बांधून घेतं आणि डुमसच्या रस्त्याला चांदण्यात जाऊन बसतं. सतरंज्या, फरसाण, पोरंबाळं. कंदीलसुद्धा कोणी लावत नाही, चांदणं बघायचं असतं. काकांनी आम्हा सगळ्यांना गाडीत कोंबलं. काकू आणि कुसुम मागे, आमचे हे त्यांच्या पायाशी डबा धरून, मी माझ्या जागी. रस्त्याकडेला गाडी उभी केली आणि काका म्हणाले, "बिचारे लोक अंधारात खातात. खानदेश, बद्धा लाव!"

मी म्हटलं, "काका, लोक चांदण्यात बसलेत."

"तेच तर. दिसत नाही त्यांना. लाव ने!"

मी लावले. सगळे. त्या मैदानावर बसलेल्या माणसांचे चेहरे एकदम पांढरे झाले, जसे पोलिसांची धाड पडल्यावर होतात. आणि मग चहूकडून सुरती शिव्या आल्या. लहान पोरंसुद्धा देत होती. काका खिडकीतून हात हलवत होते, "मजा करो, मजा करो!" कुसुमने ओढणीत तोंड घातलं. काकू मागून थंडपणे म्हणाल्या, "दिवे लावलेत हो, खरंच लावलेत." काका मागे वळले आणि म्हणाले, "तुला आवडलं ने?"

थोड्या वेळाने बॅटरी बसली. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांनीच घारीचे तुपकट हात लावून गाडी ढकलली. आमचे हेही ढकलत होते. मी आत बसून रस्ताभर मान वर केली नाही.

पाकिस्तानशी लढाई झाली तेव्हा ब्लॅकआउट होता. गाड्यांचे दिवे वरून अर्धे काळे रंगवा, असा हुकूम आला. काकांना ते मुलांच्या डोळ्यांत काजळाऐवजी डांबर भरण्यासारखं वाटलं. रंगवायला हात धजेना. शेवटी काकूंनी जुनी छत्री उसवली आणि प्रत्येक दिव्याला नाडीची काळी टोपी शिवली. मशीनवर बसून म्हणाल्या, "एका पोरीची टोपडी शिवली, आता यांच्या दिव्यांची शिवते आहे." पण मापं घेताना मी पाहिलंय, गोल वाटी लावून अगदी नीट घेतली होती. लढाई संपली, टोप्या निघाल्या, काकूंनी धुऊन घडी करून ठेवल्या.

या सगळ्यात माणसाचं नाव कसं होतं? कोर्टात चांगलं. वाकडं काम केल्याचं कोणी ऐकलं नाही. पण महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांनी भाषण केलं, तेव्हा काय झालं ते ऐका. मंडपाला वीज जोडून देण्यात त्यांनी मदत केली होती, म्हणून त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. काका उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या सौभाग्यवतींच्या शब्दांत सांगायचं तर, मी फार दिवे लावलेत." मंडप कोसळेल असा हसला. साहेबलोक, त्यांच्या बायका, सगळे. काकाही हसले आणि नमस्कार करून बसले. पुढे वर्षभर लोक त्यांना रस्त्यात थांबवून विचारायचे, "काय नाझरसाहेब, नवे दिवे लावले का?" आणि काका थांबून सविस्तर सांगायचे.

बायकांत बसलेल्या काकू त्या दिवशी हसल्या नाहीत. कुसुम उठून घरी निघून गेली होती.

कुसुमला नाशिकचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, वडील हेडमास्तर होऊन निवृत्त. त्याआधीची दोन स्थळं मोडली होती. एकांनी सुरतेची मुलगी म्हणून नको म्हटलं, दुसऱ्यांनी काही सांगितलंच नाही, पण ते आले होते तेव्हा काकांनी त्यांना स्टेशनवरून गाडीतून आणलं होतं आणि वाटेत डिकीतला दिवा दाखवायला गाडी थांबवली होती. कुसुमच्या मते त्यामुळेच मोडलं. तिला हे स्थळ हवं होतं. तिने मुलाला मैत्रिणीच्या लग्नात पाहिलं होतं, हे तिने फक्त मला सांगितलं होतं. नाशिकचे लोक येणार म्हटल्यावर ती माझ्या खोलीत आली. पीठ मळत होते मी.

"वहिनी, बाबांना सांग दिवे काढायला. सगळे."

"तू सांग की. बाप तुझा आहे."

"मी सांगितलं की ते म्हणतात, आईला आवडतात. आई काही बोलत नाही. तू कोणालाही काहीही तोंडावर सांगतेस. हे स्थळ गेलं ना वहिनी, तर मी परत कोणासमोर बसणार नाही."

तिचे डोळे कोरडे होते. रडली असती तर मी हाकलून दिली असती. मी हात धुतले आणि अंगणात गेले.

काका गाडीशेजारी उकिडवे बसले होते, दातांत वायर धरून तिचं कातडं सोलत होते.

"काका, दिवे काढा."

"केम?"

"नाशिकचे लोक येतायत. कुसुमला लाज वाटते."

काकांनी वायर तोंडातून काढली नाही. तसेच हसले. "पोरीला काय समजतं? टोप्या घालू का वर? आहेत ने टोप्या, हिने ठेवल्यात. आणि काढू कसे? हिला आवडतात. तू तर रोज ऐकतेस, ही काय म्हणते. काय दिवे लावलेत!"

"काका, ते कौतुक नाही. ती शिवी आहे."

"शिवी?" ते खरंच विचार करायला लागले. "यात शिवी कुठे आली? ना आई, ना बहीण."

"मराठीत अशीही असते. दिवे लावले म्हणजे शोभा केली. घराण्याचं नाव घालवलं, असं."

वायर खाली पडली. काका तसेच उकिडवे बसून राहिले. मला वाटलं, चिडतील, खोली खाली करा म्हणतील. म्हटले असते तर मला बरं वाटलं असतं.

"पहिल्यापासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"आणि मंडळात? मी माइकवर बोललो ते?"

"हो."

"अच्छा," काका म्हणाले. "म्हणून हसले."

त्यांनी पाना उचलला. त्या दिवशी जेवायलाही आत गेले नाहीत. एकेक दिवा सोडवत गेले आणि अंगणात वर्तमानपत्रावर मांडत गेले. आपटून नाही, बाळाला पाळण्यात ठेवावं तसे. सगळ्यांत शेवटी गणपतीमागचे तांबडे बल्ब काढले. पत्र्याला भोकं राहिली. त्यात लांबी भरून रंग द्यायला वेळ नव्हता. वायरवर गुंडाळायची काळी चिकटपट्टी त्यांनी भोकांवर लावली. बटणांची पाटीही निघाली. एक फक्त राहिलं. छताला आतून एक लहान दिवा होता. दार उघडलं की लागायचा, दार लावलं की जायचा. तो बाहेरून दिसत नव्हता, म्हणून राहिला असेल.

काकूंना कळलं तेव्हा त्या माझ्या दाराशी आल्या. इतक्या वर्षांत माझ्या खोलीत त्यांनी पाय ठेवला नव्हता, त्या दिवशीही उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"तू सांगितलंस त्यांना?"

"हो. कुसुम म्हणाली म्हणून."

"तुला कोणी विचारलं होतं अर्थ सांगायला? दिवे काढा एवढंच सांगायचं होतं."

मी म्हटलं, "काकू, तुम्ही त्यांची थट्टा करत होता. गावभर झाली ती."

काकू हळू म्हणाल्या, "पहिल्यांदा थट्टाच केली. मग ते रोज वाट बघायला लागले. त्या वाक्याची. आमच्या घरात दुसरं गोड बोलणं नव्हतं गं. मला येत नाही. तेवढं एक होतं, ते त्यांना गोड लागत होतं." आणि गेल्या.

मला तेव्हा राग आला. खरं सांगितलं तरी बोलणी खायची. आजही मी म्हणेन, त्यांनी समोर विचारलं होतं आणि मी खोटं बोलणाऱ्यातली नाही. पण लाज वाटायला माणसाची चूक असावीच लागते असं नाही.

नाशिकचे लोक आले. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. काकांनी स्टेशनवरून आणलं. वाटेत एक शब्द बोलले नाहीत, असं मुलाने पुढे कुसुमला सांगितलं. गाडी दारात थांबली, आम्ही बायका उंबऱ्यात उभ्या. हेडमास्तर उतरले. त्यांनी मडगार्डवर बोट फिरवलं, एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर. आणि विनोदी आवाजात, वर्गात विचारावं तसं विचारलं, "काय हो नाझरसाहेब, गाडीला देवी आल्या होत्या का?"

आत्या हसल्या. मुलगा हसला. आमचे हे दाराशी पाण्याची बादली घेऊन उभे होते, तेही हसले. काका नुसते उभे. हात पाठीमागे, कोर्टात उभे राहायचे तसे.

कुसुम आत बसायची होती. पोहे मी केले होते, तिने फक्त ताट घेऊन यायचं होतं, मान खाली घालून. ती ताट न घेताच बाहेर आली, उंबऱ्याबाहेर, मान वर करून.

"दिवे होते तिथे," ती म्हणाली. "बाबांनी स्वतः लावले होते. मी काढायला लावले."

हेडमास्तरांनी मडगार्डवरचं बोट मागे घेतलं. "का बरं?"

"तुम्ही हसाल म्हणून. तरी हसलातच."

काकूंनी भिंत धरली. मी मनात म्हटलं, गेलं हेही स्थळ. आणि मी कुसुमचा हात धरून तिला आत ओढलं, कारण मुलगी अशी उभी राहिलेली बघवत नव्हतं. पोहे झाले, चहा झाला. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. हेडमास्तर जाताना गाडीजवळ थांबले आणि काकांना काहीतरी म्हणाले. काकांनी हात जोडले.

होकार आला. का आला मला माहीत नाही. हेडमास्तरांनी म्हणे घरी सांगितलं की मुलगी आपल्या तोंडावर बोलली, पाठीमागे बोलणार नाही. मुलगा म्हणाला पोहे खारट होते, पण चालेल. खारट नव्हते.

लग्न ठरल्यावर कुसुम काकांच्या मागे लागली, दिवे परत लावा म्हणून. "बाबा, वरातीला लावा. सगळे लावा. हिरवासुद्धा." मी तिथेच होते. दिवे वर्तमानपत्रात बांधून माळ्यावर ठेवले होते, ते तिने स्वतः खाली काढून आणले. काकांनी पुडकं हातात घेतलं, वजन केल्यासारखं, आणि तिला परत दिलं.

"राहू दे बेटा," ते म्हणाले. "आता मला मराठी समजतं."

तिने पुडकं परत माळ्यावर ठेवलं. रविवारी काका पेपर वाचायला लागले. त्यांचे हात पहिल्यांदा गोरे दिसले. मंडळात कोणी विचारलं, काय नाझरसाहेब, नवे दिवे लावले का, तर "ना भाई" म्हणून पुढे जायचे. काकू दोन-तीनदा उगाच अंगणात येऊन उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या, पदराला हात पुसत, कोणीही हाक मारली नसताना.

लग्न लागलं. पाठराखीण म्हणून मलाच जायचं होतं, कारण काकूंना बहीण नव्हती आणि घरातली बाई म्हणजे मीच. संध्याकाळच्या गाडीने नाशिकची माणसं निघणार होती. स्टेशनपर्यंत काकांचीच मोटार, चालवायला कोर्टातला एक ड्रायव्हर. नवरानवरी मागे बसली. मी पुढे माझ्या नेहमीच्या जागी, मांडीवर ओटीचा नारळ. समोर पाटी काढलेल्या जागेचे खिळे दिसत होते.

दिवेलागण झाली होती. गल्लीत अंधार उतरला होता. काकांनी मुलीकडचं दार लावलं. आत काळोख झाला. ड्रायव्हरने चावी फिरवली. तेवढ्यात काकांनी दार उघडलं आणि छताचा लहान दिवा लागला. मुंडावळ्या, हळदीचं कपाळ, रडून सुजलेले डोळे, सगळं दिसलं.

"पदर अडकला," काका म्हणाले, आणि दार लावलं.

दिवा गेला. गाडी हलली नाही तोच परत दार उघडलं. परत दिवा. कुसुमने बापाकडे पाहिलं.

"पदर," काका म्हणाले.

पदर अडकला नव्हता. मी मागे वळून बसले होते, मला दिसत होतं. तो तिच्या मांडीवर घडी करून ठेवलेला होता. जावईही बघत होता, पण तो शहाणा, खिडकीबाहेर बघायला लागला.

तिसऱ्यांदा दार उघडलं, तेव्हा काकांच्या मागे काकू येऊन उभ्या होत्या. त्या उजेडात त्यांनी मुलीचं तोंड पाहिलं, वरचा तो बोटभर दिवा पाहिला, आणि नवऱ्याकडे पाहून तोंड उघडलं. काय म्हणणार होत्या ते मला ठाऊक होतं. काकांनाही ठाऊक होतं, कारण ते मागे वळले आणि थांबले.

काकूंनी तोंड मिटून घेतलं.

काका अजून दाराची मूठ धरून त्यांच्याकडे बघत होते. मी नारळाची शेंडी सारखी करत बसले, दार लागेपर्यंत.